खांबामागची ओळ

"हा सतरा कुणी लिहिला?"

सभामंडपातली ठोकाठोक थांबली. भिंतीवर पाच ओळींचा जुना कोरीव लेख, आणि त्याच्या ऐन छातीवर चुन्यानं काढलेला ठसठशीत सतराचा आकडा! लेखाचा ठसा घ्यायला आलेली ती, कमरेवर हात ठेवून, दिसेल त्याच्याकडे डोळे वटारून बघत होती.

"मी," शिडीवरून आवाज आला. "देऊळ उतरवून पुन्हा उभारायचंय. दगडांना नंबर नकोत?"

"खाली अक्षरं दिसली नाहीत?"

"दिसली ना. म्हणून तर बारीक कुंचल्यानं लिहिला."

तिनं कपाळाला हात लावला.

हा नकाशेवाला. देवळाचा दगडन् दगड मोजून कागदावर उतरवायचा. बोलायची वेळ आली की मात्र शब्द जपून वापरायचा. आकडा त्यानंच धुतला, पण त्यात अर्धा दिवस गेला. मग तिनं ओला कागद दगडावर चिकटवला, ब्रशनं हलके हलके ठोकत अक्षरांच्या खाचांत बसवला. कोपरे धरायला तोच होता.

"कागद धरा. माझा हात नव्हे."

"दोन्ही ओले आहेत… कळलं नाही."

कळत नसलेल्या माणसाचे कान इतके लाल होतात?

चार ओळी झक्क उमटल्या. पाचवी मात्र अर्ध्यावर एका खांबामागे गडप! मागाहून कुणीतरी डागडुजी करताना तो टेकवला होता. लेखाचं वर्ष नेमकं त्याच्यामागे. वर्षाशिवाय ठसा घेऊन गेली असती तर कचेरीतल्या साहेबांनी तिला उभीच जाळली असती. मुदत तीन दिवसांची. पुढे लांबच्या गावी वर्षभर बदली.

"खांब कधी निघेल?"

"छप्पर उतरल्यावर. पंधरा दिवस."

"मला परवा जायचंय!"

"हं."

हं! हातातला ब्रश फेकून मारावा असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर तुळईखाली लाकडी टेकू लागलेले, आणि मुकादम धुसफुसत होता. "चाळीस वर्षांत खांब आधी नाही काढला, बाई. यांनी सगळा क्रम फिरवला. का, विचारलं तर म्हणे हं."

तिसऱ्या दिवशी दुपारी खांब सरकला. ऊनपाणी न लागलेली अक्षरं काल कोरल्यासारखी कोरीकरकरीत, आणि त्यांत पुरतं वर्ष! ती लहान मुलीसारखी टाळ्या पिटत सुटली. ठसा घेताना त्यानं कोपरे धरले, पण तोंड पाडून.

"आता काय बिनसलं? सापडलं की वर्ष!"

"सापडलं." तो कागदाची सुरळी करत राहिला. "खांब होता तोवर… तुम्ही थांबाल अशी आशा होती. मीच काढला."

तिनं हातातला ब्रश खाली ठेवला.

"अहो, मग हे परवा बोलायला काय झालं होतं?"

"परवा नक्की नव्हतं."

"आणि आज?"

"आज आहे. पण आज तुम्ही निघालात…"

"देवा रे! बदली वर्षाची आहे, जन्माची नाही. मी सुट्टीत येईन. तुम्ही माझ्या बाबांना पत्र लिहा."

"काय लिहू?"

"तेही मीच सांगू?"

तिनं पेन त्याच्या हातात कोंबलं. तो पायरीवर बसला, मांडीवर फळी घेऊन, जणू कळसाचा नकाशा काढायचाय अशा गंभीर चेहऱ्यानं. पहिला शब्द लिहिला. ती खांद्यावरून डोकावली.

"तीर्थरूप? अहो, तसं आपल्या वडिलांना लिहितात. दुसऱ्यांच्या वडिलांना तीर्थस्वरूप!"

"मग… खोडू?"

तिनं त्या शब्दाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"राहू दे," ती म्हणाली. "पुढचं लिहा."