परत आलो की बघू

चव्वेचाळीस वर्षं मी लोकांचे दात काढतोय. हात थरथरतो, पण नजर शाबूत आहे. आमच्या गावच्या फादरांचे दात तरुणपणी मीच बघायचो. म्हणूनच सोमवारी सकाळी त्यांची धाकटी बहीण लाकडी पेटी घेऊन माझ्याच दवाखान्यात आली.

फादर तरुणपणीच परदेशी गेले. तिथे शाळा काढली, आजाऱ्यांचं केलं. अठरा वर्षांनी बंदूकवाल्यांनी बजावलं, देव सोड नाहीतर जीव जाईल. ते हटले नाहीत. चर्चच्या पायरीवर त्यांना मारलं. अनेकांना एकत्र पुरलेल्या खड्ड्यात सापडलेली हाडं आत्ता कुठे घरी आली होती.

"दादाच आहे का, एवढंच सांगा डॉक्टर," ती म्हणाली. "आईशेजारी जागा राखलीय. परक्याला तिथं कसं ठेवू?"

मी फादरांचं जुनं कार्ड काढलं. विचारात पडलो की माझी जीभ टवका उडालेल्या खालच्या डाव्या दाढेशी चाळा करते, जुनी खोड. पेटीतला खालचा जबडा दिव्याखाली धरला. चांदी भरलेले दोन दात, काम माझंच. पण डावीकडची किडकी दाढ जागेवर होती. कार्डावर लिहिलं होतं, 'किडकी दाढ काढली.'

कार्डाप्रमाणे हे फादर नव्हते.

पण कार्ड खोटं होतं. मी नवशिका होतो. ते निघायच्या आदल्या दिवशी किडकी सोडून शेजारची धडधाकट दाढ उपटली, आणि कार्डावर भलतंच लिहिलं. फादर गाल धरून हसले. "जाऊ द्या डॉक्टर, चुकतो माणूस. परत आलो की बघू." कुणापाशी बोलले नाहीत. माझी अब्रू राहिली. लाज मात्र मला आजही वाटते.

म्हणजे किडकी असणं हाच पुरावा. तिच्याशेजारी खाच हवी होती.

खाच नव्हती. तिथे दाढ होती. हलवून पाहिली, हलेना. तिचा टवका उडालेला होता.

"काय झालं?" बहिणीने विचारलं.

मी चूक कबूल केली, सगळी. शेवटी म्हणालो, "चांदी माझ्याच हातची, किडकी दाढही जागेवर. तुमचे दादाच आहेत, ताई."

ती रागावली नाही. पेटीचं झाकण लावलं.

"चुकतो माणूस," ती म्हणाली. "आला ना परत."

ती गेली. मी खुर्चीत बसलो. सवयीने जीभ डावीकडे गेली.

टवका लागला नाही.

दाढच नव्हती. रक्त नव्हतं, दुखतही नव्हतं. हिरडी गुळगुळीत भरून आली होती, चाळीस वर्षांपूर्वी दाढ काढल्यासारखी.