हावोड ग्रीगची जागा

आईला घेऊन यायचं असं ठरवून सुमेधा शुक्रवारी दुपारी मिल्टन कीन्सहून निघाली, तेव्हा गाडीत मागे बारा घडी घातलेली खोकी, दोन चिकटपट्ट्या आणि एक यादी होती. यादी तिने ऑफिसात करतात तशी केली होती. काय न्यायचं, काय चॅरिटीला द्यायचं, काय टाकून द्यायचं. आईला काय वाटेल, असा रकाना काही तिने आखला नव्हता.

आई म्हणजे डॉक्टर शैला करमरकर. वय अडुसष्ट, एका गुडघ्यात धातूचा सांधा, आणि बोलणं अजूनही भूलतज्ज्ञाचं, म्हणजे कमी आणि शांत. बाबा, डॉक्टर शशी, फेब्रुवारीत गेले. दोघांनी मेडनहेडला राहून आयुष्यभर हॉस्पिटलांत नोकऱ्या केल्या. रिटायर झाल्यावर लोक क्रूझवर जातात. हे दोघं बारा वर्षांपूर्वी उत्तर वेल्सच्या डोंगरात एक दगडी घर घेऊन राहायला गेले. घराचं नाव हावोड ग्रीग. हावोड म्हणजे पूर्वी उन्हाळ्यात गुरं वर चारायला नेली की राहायचं घर, आणि ग्रीग म्हणजे हेदरची जांभळी झुडपं. यांनी घेतलं त्याआधी नऊ वर्षं ते बंदच होतं.

त्या बारा वर्षांत बाबा एकदाही मिल्टन कीन्सला आले नाहीत. सुमेधा आणि तिचा नवरा अर्जुन यांनी घर घेतलं तेव्हा नाही, तनूच्या बारशाला नाही. आई एकटी ट्रेनने यायची, डब्यात लाडू आणि तोंडात एक नवं कारण घेऊन. सुमेधाला त्याचा राग होता, आणि बाबा गेले तरी तो गेला नव्हता. गेलेल्या माणसावर रागावून काही उपयोग नाही हे तिला कळत होतं. पण बापाला नातीपेक्षा डोंगर प्यारा होता, हेही तिला स्वच्छ दिसत होतं.

संध्याकाळी ती पोचली तर घरात एकही वस्तू हललेली नव्हती.

"आई, तू प्रॉमिस केलंस. माझा मीटिंग आहे मंडेला."

"माझी मीटिंग," आईने सवयीने दुरुस्त केलं. "रविवारी निघू. उद्या गॅदर आहे. आपल्या घरातून कुणीतरी उभं राहायला हवं."

"पण आपल्याकडे एकही शीप नाहीये."

"शीप नाही, जागा आहे. घराच्या डीड्समध्ये लिहिलंय."

सुमेधा नकाशांच्या कंपनीत काम करायची, त्यामुळे डोंगर तिला कळत नसला तरी त्याची मांडणी कळत होती. खाली दरीत दगडी बांधांची लहान लहान शेतं. त्यावर नेच्यांचा उतार. त्याच्याही वर डोंगरभिंत, माणसाच्या छातीएवढी, चुना-मातीशिवाय नुसते दगड रचून केलेली. आणि भिंतीपलीकडे उघडा डोंगर, सात घरांचा सामाईक, त्यावर ना कुंपण ना खूण. तरी प्रत्येक घराच्या मेंढ्या आपापल्याच भागात चरतात. आई कोकराला हद्द दाखवते, ते कोकरू पुढे आपल्या कोकराला, असं शेकडो वर्षं चाललेलं. त्याला तिकडे कनेविन म्हणतात. शेत विकलं तर कळपही शेताबरोबर द्यावा लागतो. दुसरीकडे नेलेली मेंढी चालत परत येते. हे सगळं बाबा फोनवर तासन्‌तास सांगायचे, आणि ती फोन स्पीकरवर ठेवून भांडी लावायची.

गॅदर म्हणजे वर्षातून एकदा सातही घरांतली माणसं एका रांगेत लांब लांब उभी राहून डोंगर चढतात आणि सगळ्या मेंढ्या गोळा करून खाली आणतात. रांगेत प्रत्येक घराची जागा ठरलेली. मधे खिंडार राहिलं तर मेंढ्या तिथूनच पळणार.

"आजवर बाबाच उभे राहायचे. तुझ्या गुडघ्याने तू चढणार?" सुमेधाने विचारलं.

"हळूहळू चढेन."

"नाही. मी उभी राहते. पण मग रविवारी तू गाडीत बसायचं. नो एक्स्क्यूजेस."

"बसेन," आई म्हणाली, आणि खरोखरच उठून कपबशा कागदात गुंडाळायला लागली. इतक्या सहज जमलं याचा सुमेधाला आनंद झाला. ती झपाट्याने बारापैकी सात खोकी भरून झोपली.

शनिवारी सकाळी डोंगरभिंतीच्या फाटकापाशी माणसं आणि कुत्री जमली होती. शेजारचा ग्विलिम सत्तरीचा होता. तो इंग्रजी बोलायचा, पण प्रत्येक वाक्य आधी मनात वेल्शमध्ये तपासून घेतल्यासारखं सावकाश.

"तुमची जागा माझ्या आणि पलीकडच्या घरच्या नेरिसच्या मधली," तो म्हणाला. "चारशे पावलं रुंद आहे."

"मी काय करायचं?"

"चालायचं."

"आणि मेंढ्या माझ्या अंगावर आल्या तर?"

"तुमच्या जागेतून त्या जात नाहीत."

"म्हणजे बाबांना चांगलं जमत होतं."

ग्विलिमने आपल्या काठीचं टोक बुटावर टेकवलं. "डॉक्टर चांगले होते. पण घर नऊ वर्षं बंद होतं, तेव्हाही गेल्या नाहीत."

"मग कुणी उभं कशाला राहायचं?"

"त्या मोकळ्या जागेच्या शेजारून चालायला आम्हाला बरं वाटत नव्हतं," तो म्हणाला, आणि कुत्र्याला शीळ घालून निघून गेला.

सुमेधाला हसू आलं. म्हाताऱ्या माणसांना शहरातल्या लोकांना घाबरवायला आवडतं, असं तिने मनाशी नोंदवलं आणि ती चढायला लागली.

पहिला तास नुसता घामाचा होता. डावीकडे नेरिसचं लाल जाकीट, उजवीकडे ग्विलिमची टोपी, आणि मधे ती, ऑनलाइन मागवलेल्या कोऱ्या बुटांत. मग वरून धुकं उतरलं आणि आधी लाल जाकीट गेलं, मग टोपी. कुत्र्यांचं भुंकणं येत होतं, पण कुठून ते कळत नव्हतं. ती चालत राहिली. पायाखाली वाट होती, बारीक पण तुडवलेली, गवत नुकतंच दबल्यासारखं. तिला बरं वाटलं. कुठल्याही नकाशावर ही वाट नव्हती, आणि आता सोमवारी ऑफिसात सांगायला एक गोष्ट झाली, असंही तिच्या मनात आलं.

वाट एका पडक्या घराशी गेली. कमरेएवढ्या भिंती, दाराच्या जागी दोन उभे दगड. तिथे धुराचा वास होता, ओल्या मातीसारख्या जळणाचा. चूल पेटलेली नव्हती. चूलच नव्हती.

तेवढ्यात मेंढ्या आल्या.

तीस-चाळीस असतील, धुक्यातून सरळ तिच्याकडे धावत. पुढे एक म्हातारी मेंढी, एक शिंग मोडलेली. सुमेधाने हात वर करायचं ठरवलं आणि काय ओरडायचं ते आठवेना. ती नुसती उभी राहिली.

दहा पावलांवर मेंढ्या थांबल्या.

त्या तिच्याकडे बघत नव्हत्या. सगळ्या तिच्या डाव्या खांद्याच्या जरा मागे बघत होत्या. सगळ्यांचे कान पुढे. मग म्हातारी मेंढी वळली, घाई न करता, आणि बाकीच्या तिच्यामागे खाली निघाल्या.

सुमेधाने वळून पाहिलं. दोन उभे दगड होते. त्यांच्यामधलं धुकं इतर धुक्यासारखंच होतं.

तिला भीती वाटली नाही, हे तिने नंतर स्वतःला पुन्हापुन्हा सांगितलं. भीती वाटली असती तर बरं झालं असतं.

दुपारी सगळ्या मेंढ्या दगडी कोंडवाड्यात आल्या. मधे मोठं अंगण आणि भोवती सात खोल्या असा तो कोंडवाडा होता. प्रत्येक घराची एक खोली, आणि मेंढ्यांच्या कानांवरच्या खुणा बघून त्यांना आपापल्या खोलीत घालायचं. सातवी खोली रिकामी होती. कुणीतरी ती झाडून ठेवली होती. निवड होईपर्यंत प्रत्येक घरच्या माणसाने आपल्या खोलीत उभं राहायचं असतं, असं नेरिसने सांगितलं, म्हणून सुमेधा तिथे जाऊन उभी राहिली, मग भिंतीला टेकून बसली.

"दलदल कशी चुकवलीत?" ग्विलिमने भिंतीवरून विचारलं. "डॉक्टरांना ती कळायला चार वर्षं लागली."

"वाट होती ना."

ग्विलिमने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिला कळलं नाही.

तिथे माणसाला आडनावाने नाही, घराच्या नावाने ओळखतात. चहाच्या वेळी तिच्या हातात कप देताना नेरिस "हावोड ग्रीग" म्हणाली, तेव्हा सुमेधाने लगेच "हो" म्हटलं. त्या रिकाम्या खोलीत बसून तिला फार शांत वाटत होतं. आठ महिन्यांत पहिल्यांदा बाबांवरचा राग शोधूनही सापडत नव्हता. एकदम बाबांची इतकी आठवण आली की तिचे डोळे भरले, आणि रडूनही तिला बरंच वाटलं. घरी आल्यावर फोन पाहिला तर तनूचे तीन मिस्ड कॉल होते. सहा तास तिला फोनची आठवणच झाली नव्हती.

रविवारी अकराला त्या निघाल्या. आईने शब्द पाळला. देव टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतले, प्रेशर कुकर पायाशी, आणि घराकडे एकदाही वळून पाहिलं नाही. तनूला सुमेधाने फोन केला, "संध्याकाळी आजीला घेऊन येते."

दरीच्या तोंडाशी रस्त्यात कॅटल ग्रिड आहे. खड्ड्यावर लोखंडी पाइप टाकलेले. गाडी खडखडत पार होते, मेंढी होत नाही. तिच्या अलीकडे रस्ता जरा रुंद आहे. सुमेधाने तिथे गाडी वळवली.

"काय गं?" आईने विचारलं.

"चार्जर राहिला."

चार्जर समोर लावलेला होता. आईने त्याच्याकडे पाहिलं.

घराच्या फाटकापासून त्या परत निघाल्या. आता सुमेधा जपून चालवत होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. ग्रिड आली. पाइपांवर ऊन चमकत होतं. पलीकडे तोच रस्ता होता, तेच बांध, एक लाल टपालपेटी.

तिने गाडी वळवली. या वेळी तिने कारण सांगितलं नाही, कारण तिच्याकडे कारण नव्हतं.

"थांबव," आई म्हणाली.

इंजिन बंद झाल्यावर ओढ्याचा आवाज यायला लागला.

"तनूच्या बारशाला आम्ही निघालो होतो," आई म्हणाली. "दोघंही. चांदीचे वाळे माझ्या पर्समध्ये होते. इथेच त्यांनी गाडी वळवली. म्हणाले, गॅस चालू राहिला. मग दुसऱ्यांदा वळवली. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही."

"तू मला कधी नाही सांगितलं."

"त्यांनी सांगू दिलं नाही. स्वतःच डायग्नोसिस केलं, अँक्झायटी. गोळ्या घेतल्या. लेकीला वाटेल बाप भित्रा आहे, म्हणाले." आईने मांडीवरचा टॉवेल घट्ट धरला. "तुझ्या प्रत्येक बर्थडेला चालत इथपर्यंत यायचे. आणि परत जायचे. बाहेर गेले ते एकदाच, फेब्रुवारीत."

सुमेधा रडायला लागली. बारा वर्षं आपण कशावर रागावलो होतो, ते तिला कळलं, आणि ते सांगायला आता कुणी नव्हतं.

"मला वाटायचं त्यांना मी नकोय," ती म्हणाली.

"वेडी आहेस का. सरक. मी चालवते."

त्यांनी जागा बदलल्या. सुमेधाने पट्टा लावला. देव मांडीवर घेतले. डोळे मिटले आणि तनूचा चेहरा मनात घट्ट धरून ठेवला. गाडी सुरू झाली. जरासा उतार लागला.

मग ती रस्त्यावर उभी होती.

गाडी ग्रिडच्या पलीकडे होती, डावीकडचं दार सताड उघडं. देव सीटवर नीट ठेवलेले. आई उतरून पाइपांच्या कडेपर्यंत आली होती. दोघींच्या मधे आठ पाइप होते.

"सुमेधा, ये. माझा हात धर."

तिला जायचं होतं. तनू घरी वाट बघत होती. पाय दुखत नव्हते, थरथरत नव्हते.

ते फक्त दुसरीकडे वळलेले होते.

गाडीत फोन वाजला. आईने मागे जाऊन तो घेतला आणि तनूचा आवाज रस्त्यापर्यंत आला.

"आजी, निघाले का तुम्ही? आई कुठे आहे?"

आई सुमेधाकडे बघत राहिली, ती घराकडे चालत वळणापाशी पोचेपर्यंत. मग भूल देण्याआधी पेशंटशी बोलायची तशा आवाजात म्हणाली, "निघाले बाळा. मी एकटीच येतेय."