सूर्याआडची आई आणि सारसाचं पिल्लू

सूर्याच्या पलीकडे गेलेल्या माणसाशी बोलायचं कसं?

गेला आठवडाभर धृती हाच प्रश्न ज्याला त्याला विचारत होती. तिची आई, डॉ. प्राची, मंगळावरच्या वसाहतीत मातीचा अभ्यास करायला गेली होती. आणि आता मंगळ आपल्या वाटेने फिरत फिरत सूर्याच्या अगदी मागे चालला होता.

"मधे सूर्य येणार, बेटा," नानांनी तिला समजावलं. नाना म्हणजे आईचे वडील, पक्ष्यांचे अभ्यासक. गोंदियाजवळच्या या गावात ते सारसांच्या नोंदी ठेवत. "सूर्याभोवती तापलेल्या, विद्युतभारित वायूचं मोठं वलय असतं. आपले रेडिओसंदेश त्यातून जाताना विस्कटतात. म्हणून दोनेक आठवडे संदेश पाठवायचेच नाहीत, असं ठरवतात. मग मंगळ बाजूला सरकतो आणि बोलणं पुन्हा सुरू होतं."

"दोन आठवडे एक शब्दही नाही?"

"नाही."

संपर्क बंद होण्याच्या आदल्या दिवशी आईचा निरोप आला. पडद्यावर ती थकलेली, पण हसरी दिसत होती. "धृती, ते सारसाचं पिल्लू कसं आहे गं? तू काय काय पाहिलंस ते सगळं सांग. इथे सगळीकडे लाल माती आहे. मला धानाची बांधी (भाताचं शेत) ऐकायचीये."

उत्तर पाठवायला तासभर होता. धृतीने टिपणवही उघडली. ही वही कागदाची नव्हती. लिहिलेलं, बोललेलं, काढलेलं चित्र, फोटो, काहीही त्यात ठेवता यायचं. आई गेल्यापासून धृती दिसेल ते तिच्यात टाकत होती. शाळेच्या वाटेवर बोलायची, बांधावर बसून चित्रं काढायची. आईला सांगायचं म्हणून.

पण पिल्लाच्या नोंदी होत्या कुठे? समोर नुसती रांग लागली होती : 'नवीन टिपण', 'नवीन टिपण', 'नवीन टिपण'. एक उघडलं तर गणिताचा गृहपाठ. दुसऱ्यात बाबांनी करपवलेल्या पोळ्यांचा फोटो. तिसऱ्यात नुसता वाऱ्याचा आवाज. ती शोधत राहिली आणि तास सरला. शेवटी घाईघाईने तिने एवढंच पाठवलं : "आई, मी बरी आहे. पिल्लूपण बरं आहे."

मग ती उशीत तोंड खुपसून रडली. "सगळं होतं माझ्याकडे, नाना. सगळं जपून ठेवलं होतं. पण सापडलंच नाही."

नाना काही वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "ती वही आईकडेही आहे ना?"

"तिची एक प्रत आहे तिथे. पण तिच्यातही असाच गोंधळ आहे."

"असू दे. तिकडची प्रत आपल्याला आत्ता हलवता येणार नाही. इकडची तर येते? संपर्क सुरू झाला की दोन्ही प्रतींचा मेळ बसेल (एकीतले बदल दुसरीत जातील). तोवर आपण ही लावू या."

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. धृतीने आधी कप्पे केले : शाळा, घर, पक्षी. थोड्याच वेळात ती अडली. "शाळेत जाताना सारस ओरडला आणि मला आईची आठवण आली. हे कुठे टाकू?"

"भांडं एका वेळी एकाच फळीवर राहू शकतं," नाना म्हणाले. "टिपणाला तशी अडचण नाही. त्याला खुणा लाव (शोधायला सोपं जावं म्हणून जोडलेले छोटे शब्द). 'सारस', 'शाळेची वाट', 'आई'. तिन्ही लाव. यातला कुठलाही शब्द शोधलास तरी ते सापडेल. आणि आधी त्याला नाव दे. 'नवीन टिपण' अशी हाक मारली तर कोण ओ देईल?"

धृती पहिल्यांदाच हसली. एकेक टिपण उघडून तिने त्याला नाव दिलं. जिथे दोन असंबद्ध गोष्टी एकत्र होत्या तिथे त्यांची दोन टिपणं केली. काही आवाज ऐकताना नाना मधेच उठून अंगणात जात. एका नोंदीत मागून आईचा आवाज होता, निघण्याआधीचा : "नाना, चहा निवतोय तुमचा!" ते टिपण नानांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग त्याला खूण लावायची होती. धृतीने लिहिलं, 'घर'.

मग नानांनी तिला दुवे दाखवले. दुवा म्हणजे एका टिपणातून दुसऱ्या टिपणात नेणारी वाट. "खुणेमुळे सारख्या गोष्टी एकत्र येतात," ते म्हणाले. "दुवा मात्र तू विचार करून जोडायचा. हे वाचताना ते का आठवलं, तेही लिहायचं."

धृती 'पिल्लू फार ओरडतंय' हे टिपण वाचत होती. त्याच दिवसांतलं दुसरं टिपण होतं 'धान कमरेएवढं झालं'. तिने दोन्ही जोडली. मग ती एकदम थांबली. रोप लहान असताना पिल्लू जवळजवळ गप्पच असायचं. धान वाढल्यावर त्याचा आवाज वाढला होता!

"नाना! पिल्लाला आईबाप दिसेनासे झाले, म्हणून ते ओरडत असेल का?"

"असेल. हा तुझा अंदाज आहे, अजून पुरावा नाही. पण तो या टिपणात नव्हता आणि त्या टिपणातही नव्हता. दोन्ही जोडल्यावर तुला सुचला."

धृतीने अंदाज 'पिल्लू फार ओरडतंय'च्या खाली लिहून ठेवला. पुढे रोज ती बांधावर जाऊन बसू लागली. धानात पिल्लू बारीक आवाजात ओरडे, पलीकडून मादीचा खणखणीत आवाज येई, मग पिल्लू गप्प होई. कधी मादीचं उत्तर उशिरा येई. तेव्हा धृतीही श्वास रोखून वाट बघे. हे सगळं ती नाव, खुणा आणि दुव्यांसकट टिपून ठेवत होती.

आणि एका सकाळी वहीने आवाज दिला. संपर्क जुळला होता. मंगळावरची प्रत येऊन इकडच्या प्रतीत मिसळू लागली. जुन्या टिपणांवर आईची नवी अक्षरं उमटली. पोळ्यांच्या फोटोखाली तिने लिहिलं होतं, 'बाबांना गॅस बारीक करायला सांग.' एवढे दिवस आई त्याच ढिगाऱ्यात बसून एकेक टिपण उघडत होती!

मेळ बसता बसता एका ठिकाणी अडला. पडद्यावर सूचना आली : 'पिल्लू फार ओरडतंय – या टिपणाच्या मजकुरात दोन्हीकडे बदल झाले आहेत. कोणता ठेवायचा?'

धृतीने आईचा मजकूर उघडला. 'हे मी रोज ऐकते, धृती. पिल्लू इतकं ओरडत होतं तेव्हा त्याची आई कुठे होती गं?'

शेजारी धृतीचा मजकूर होता. 'आई जवळच होती. मधे धान होतं म्हणून दिसत नव्हती.'

नानांनी चष्मा काढून पुसला. "तिने विचारलेलं तुला पोचलं नव्हतं," ते हळूच म्हणाले, "आणि तुझं उत्तर तिला."

पडद्यावर तिसरा पर्याय होता : दोन्ही ठेवा. धृतीने त्यावर बोट टेकवलं. प्रश्नाखाली उत्तर जाऊन बसलं.

"नाना, आई परत येईल तेव्हा हे पिल्लू केवढं असेल?"

"तिसरं वर्ष लागलेलं असेल त्याला. या वयाच्या सुमारास सारस जोडीदार शोधायला लागतात."

धृतीने कोरं टिपण उघडलं आणि आधी त्याला नाव दिलं : 'आई आल्यावर दोघींनी बघायचं'.