छायाकवचाबाहेरचा माणूस

प्रयोगशाळेच्या मधोमध अणुइंजिनाचा लाकडी साचा उभा होता, अगदी खऱ्या मापाचा. डॉ. हेमांगी वाटवे सहा वर्षं त्याच्याभोवती फिरत होत्या आणि खरं सांगायचं तर त्यांचा त्या लाकडावर जीव जडला होता. देशात डिझेल बंद झालं होतं. भिवरटोकच्या जंगलातल्या मार्गावर विजेच्या तारा टाकायला सरकार तयार नव्हतं, मार्ग उखडायचा हुकूम निघण्याच्या बेतात होता. अणुइंजिन धावलं तर तिथल्या बारा गावांची गाडी राहणार, नाहीतर जाणार. गोष्ट इतकी साधी होती.

घोडं पेंड खात होतं ते वजनापाशी.

“अणुभट्टीला चहूबाजूंनी जाड शिसं घातलं, तर इंजिन तीनशे टनांवर जातं,” रेल्वेतून आलेले रुळांचे जाणकार शेखसाहेब म्हणाले होते. “भिवरा नदीवरचा पूल ते पेलणार नाही.”

“म्हणून जाड भिंत फक्त पुढे आणि मागे,” हेमांगीबाई म्हणाल्या. “तिच्या सावलीत एकीकडे चालक, दुसरीकडे प्रवासी. हे आपलं छायाकवच. बाजूच्या भिंती पातळ ठेवायच्या.”

“बाजूंनी किरण निसटतील, त्याचं काय?”

“गाडी धावतेय ना, साहेब. रुळाशेजारच्या माणसासमोरून ती क्षणात निघून जाईल. छातीच्या एका एक्स-रेत मिळतो त्याच्या दहावा हिस्सा किरणोत्सार त्याला लागेल. एखाद्या वेळेला चालतं तेवढं. फलाटांना आपण भिंती बांधणारच आहोत.”

मग नकाशावर गावं मोजली, फाटकं मोजली, शेतंसुद्धा मोजली. शहाण्यांना उंटावरून शेळ्या हाकायची सवय असते, आणि आपण त्या फार छान हाकतो असंही त्यांना वाटत असतं.

शेवटची चाचणी भट्टीविना होती. एका चार्जिंगवर जेमतेम पुलापलीकडे पोचणाऱ्या बॅटरीवरच्या इंजिनात अणुभट्टीऐवजी तेवढ्याच वजनाचं शिसं भरलं होतं. सकाळी दहाला गाडी निघाली. चालकाशेजारी बाई आणि शेखसाहेब, मागे मंत्रालयाचे दोन अधिकारी. बाईंना वाटलं, जन्माचं सार्थक झालं. उद्या अहवालावर सही करायची की काम फत्ते.

भिवरेच्या पुलाच्या अलीकडे चालकानं आरशात पाहिलं आणि करकचून ब्रेक लावला. मागे रुळाच्या कडेला एक माणूस लाल झेंडी हलवत धावत येत होता.

तो मंगरू कुमरे, त्या टापूचा कीमन. रोज सहा किलोमीटर रूळ पायी तपासायचा, एकवीस वर्षं. खाली उतरून पाहिलं तर इंजिनाच्या तिसऱ्या चाकाचं बेअरिंग लालबुंद झालेलं. पुलावर ते तुटलंच असतं. अधिकाऱ्यांनी त्याची पाठ थोपटली.

“तुम्हाला कळलं कसं?” बाईंनी विचारलं.

“वास आला जी जळका. मंग धूर दिसला.”

“तुम्ही होतात कुठे?”

“इथंच.” त्यानं रुळापासून दोन-तीन हातांवरची पायवाट दाखवली. “गाडी आली का खाली उतराचं, तिच्याकडे तोंड करून उभं राहाचं अन् चाकं पाहाची. सारेच करतात.”

“प्रत्येक गाडीला?”

“परत्येक. डिझेल होतं तवा माह्या पाळीत वीस जात.”

बाईंनी मनातल्या मनात गुणाकार केला. वीस गाड्या म्हणजे रोजचे दोन एक्स-रे. वर्षाचे सहाशे. त्या शेखसाहेबांकडे वळल्या.

“साहेब, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत?”

शेखसाहेबांचा चेहरा उतरला. चाळीस वर्षं रेल्वेत काढलेला माणूस. “त्यात सांगायचं काय? गाडी आली की ते उभे राहतातच. मला वेगळं असं कधी सुचलंच नाही.”

“साठ मीटर लांब उभे केले तर?”

“मग वास कुठला येणार? तापलेलं चाक ओळखणारी यंत्रं तीस किलोमीटरला एक, आणखी बसवायला सरकार पैसा देणार नाही. मधे हेच डोळे.”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. माणूस जवळ ठेवावा तर इंजिन त्याला मारणार, लांब ठेवावा तर इंजिन आज ना उद्या नदीत जाणार, आणि तेव्हा पोटात शिसं नसेल, पेटती भट्टी असेल. बाजू जाड कराव्यात तर पूल नको म्हणतो. बाईंना चौथी वाट सापडली नाही. सहा वर्षं वाया गेल्याचं दुःख झालं, आणि त्या दुःखाची लाजही वाटली.

त्यांनी ते सगळं मंगरूला समजावलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, “मी एकटा राह्यतो जवळ. बाकीच्यायले लांब करा. माहं काय, पन्नाशी झाली.”

“असं नाही करता येत, मंगरूभाऊ.”

“मंग गाडी बंद?”

“हो.”

त्यानं झेंडी गुंडाळली. “मी झेंडी दाखवली नसती, तं झालं असतं का इंजिन?”

“नाही. आम्ही नदीत गेलो असतो, आणि तरीही ते बांधलं गेलं नसतं.”

“असं.” त्यानं मान डोलावली. “माह्या सुनेले आठवा लागला, बाई. पावसात तिकडचा रस्ता पाण्याखाली जाते. दवाखान्यात न्याची तं कशी न्याची?”