हवेचं तोंड

“आधी कान लाव, मग पाना.” बाबांचं हे सांगणं फिटरच्या हाडीमाशी खिळलेलं होतं.

म्हणून परसातल्या शेडमध्ये जनरेटर फिरवणारं जुनं, संथ चालीचं डिझेल इंजिन सुरू केल्यावर त्याने लोखंडी सळीचं एक टोक इंजिनाला टेकवलं, दुसरं कानाला. भिंतीपलीकडे ताई श्वासाच्या यंत्रावर होती. वीज दिवसातून चारदा जायची आणि यंत्र थांबलं की ताई घुसमटायची. इंजिनाची चाल लावताना त्यावर भार ठेवू नये, हा धंद्यातला पहिला धडा. पण वीज गेलेली आणि ताईचे ओठ निळे पडलेले. त्याने ताईचं यंत्र जोडूनच चालीचा स्क्रू फिरवायला घेतला. सळीतून ठोके येत होते, मध्येच एक धाप. ती धाप सुरळीत होईपर्यंत तो पिळत राहिला.

“इंजिनाला किती जपतोस रे!” खिडकीतून ताई म्हणाली. “बायकोला एवढं जपलं असतंस तर नांदली असती.”

तो हसला. ताईला बोलण्याइतका दम आला होता.

दुपारी वीज आली. त्याने डिझेल तोडलं. जड चाक मंदावलं, आणि आत यंत्र विजेवर नीट चालू असूनही ताईची छाती मंदावत गेली. धावत येऊन त्याने हँडल मारलं. पहिला ठोका पडला तशी ताईने हवा ओढली.

योगायोग असेल, म्हणून त्याने पुन्हा बंद करून पाहिलं.

तिसऱ्यांदा पाहायची छाती झाली नाही.

अकरा दिवस इंजिन थांबलं नाही. डॉक्टरांनी केव्हाच हात टेकले होते. ताईचा नुसता सापळा उरला, अन्न सुटलं, पाठ सोलवटली. श्वास तेवढा ठोक्याला ठोका.

“दमले रे. सोड आता मला. शब्द दे.”

“ताई, असं काय बोलतेस…”

“शब्द दे म्हणते ना.”

त्याने दिला.

बाराव्या दिवशी सकाळी त्याने डिझेलचा कॉक बंद केला. चाक फिरतच राहिलं. नळी सोडवली, ती कोरडी. टाकीत डोकावला. तळाशी धूळ होती.

असं ऐकेनासं झालेलं इंजिन एकाच उपायाने थांबतं. हवा घेतं ते तोंड दाबून धरायचं.

त्याने तिथे तळहात नेला. ते तोंड हवा फक्त ओढतं, सोडत नाही.

तळव्याला ओलसर ऊब लागली.

खिडकीतून ताईचा आवाज आला, अगदी शांत.

“हात गार आहे रे तुझा.”

तो घरात गेला. धुतलेली मऊ चादर काढली, चार घड्या घालून काखेत धरली आणि शेडकडे निघाला. चालताना तळहात एकमेकांवर चोळत होता, ऊब यावी म्हणून.