देवरावांचा खोकला

नागपूरच्या गांधीबागेत माझं कापडाचं दुकान आहे, पण जीव रमतो तो जुन्या रेडिओंत. जवळच्या मौदा गावच्या कौशल्याकाकूंना रेडिओ विकायचाय असं कळलं, तेव्हा भर दुपारी दुकान नोकराच्या हवाली करून निघालो. घर सापडेना म्हणून फोन लावला, तर समोरच्याच दारामागे कोंबडा आरवला. काकूंच्या बटणाच्या मोबाइलची ती रिंग होती.

बाहेर मे महिन्याचं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आत काळोख, कूलरच्या वाळ्याचा ओला वास आणि कपाटावर रेडिओ. काकूंचे यजमान देवराव नागपूरला एफएमवर निवेदक होते. गेल्या पोळ्याला ते वारले. निवेदन सगळं थेट चालायचं, त्यामुळे त्यांचा आवाज कुठेच टेप करून ठेवलेला नव्हता.

"फोटो ढीगभर हायेत, भाऊ," काकू म्हणाल्या. "आवाजच नाही. जीव त्याच्यासाठीच तरसते. याच्यातून एकदा आयकवा अन् मंग न्या."

त्यांना कसं समजवायचं? आणि त्या आवाजासाठी मीही कमी वेडा नव्हतो. काय एफएम होता तेव्हा! निवेदकाचा श्वास, कागद उलटल्याची सळसळ, दोन गाण्यांमधली शांतता, सगळं अगदी कानाशी यायचं. आता सगळं ठासून भरलेलं, कुजबुजसुद्धा ओरडून करतात मेले. देवरावांना मधेच खोकला यायचा, माईक बंद करायचं त्यांच्या लक्षात राहायचं नाही, आणि पाणी पिऊन ठेवलेल्या स्टीलच्या गिलासाची टण् अख्ख्या नागपूरला ऐकू जायची. साहेबांची बोलणी खायचे बिचारे. मला मात्र ती टण् गाण्यांहून जास्त आवडायची.

"मी इथूनच ओरडत होती, पाणी प्या जी!" काकू हसल्या. "अन् ते पेत."

मी बटण फिरवलं. एक जाहिरात अंगावर आली, आणि मग हळूहळू बुडाली. मागे राहिली ती शांतता मी ओळखली. उघड्या माईकची. खुर्ची करकरली, कागद सळसळला...

मग खोकला.

काकू दचकल्या नाहीत. त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

"पाणी प्या जी..."

टण्.

आणि पुन्हा जाहिरात. काकूंनी डोळे पुसले. "न्या आता, भाऊ. माहं काम झालं."

मी घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू? पण गाडीत रेडिओ मांडीवर धरून मनात एकच चाललं होतं : काय स्वच्छ आवाज!

काल संध्याकाळी घरी तो लावला. जाहिराती, दंगा, आणि मग तीच शांतता. देवराव खोकू लागले. इथे पाणी प्या म्हणणारं कोणी नव्हतं. खोकला वाढतच गेला. मी काही बोलणार, तोच रेडिओतून हळू आवाज आला,

"पाणी प्या जी..."

टण्.

मी काकूंना फोन लावला. रेडिओत कोंबडा आरवला. पुन्हा आरवला. खुर्ची सरकली, बांगड्या वाजल्या.

"हॅलो... कोन, भाऊ?"

काय स्वच्छ आवाज! श्वाससुद्धा ऐकू येत होता.

कानाला लावलेल्या मोबाइलमध्ये मात्र अजून रिंगच जात होती.