इंदुबाईंचा लघुग्रह

जवळ सरक गं पोरी. प्रेमाची गोष्ट सांगते, पण आधी माझा संताप ऐकावा लागेल.

दोन हजार एक साल. सदाशिव पेठेतल्या देवळात गजेंद्रमोक्षाचं कीर्तन नुकतंच संपलं होतं. माझे डोळे अजून ओले होते. बुवांच्या मागे टांगलेल्या, गजेंद्रमोक्ष रंगवलेल्या पडद्याचे फोटो काढणारा, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेला एक मुलगा पडद्यावरच्या सहीकडे बोट दाखवून मला म्हणाला, "या रावसाहेबांचं नाव आकाशात जाणार!"

मंगळ आणि गुरूच्या मधला एक लघुग्रह. त्याची कक्षा काढायला या मुलानं, राजसनं, परदेशी वेधशाळेला प्रोग्रॅम लिहून दिला, म्हणून नाव सुचवायचा मान त्याला मिळालेला. चित्रकाराचं नाव हवं होतं. यानं पडद्यावरची सही वाचली आणि दिलं पाठवून!

"सही वाचलीत. चित्र कुणी काढलं, विचारलंत?"

"खाली नाव आहे की."

"नवऱ्याचं! बाईनं रंगवलेला पडदा विश्वस्तांना चालत नव्हता. रंगवायच्या इंदुबाई, सही ठोकायचे रावसाहेब. चाळीस वर्षं!"

"तुम्ही... नेहमी इतक्या मोठ्यानं बोलता?"

"समोरच्याला ऐकू येत नसेल तर."

दुसऱ्या दिवशी त्याला वारज्याला इंदुबाईंच्या घरी नेलं; माझं तिथं नेहमीचं जाणं-येणं. ऐंशीच्या इंदुबाईंनी ट्रंक उघडली. कीर्तनाच्या हँडबिलांच्या पाठीवर पेन्सिलीनं काढलेले हत्ती, मगरी, कमळं... राजस एकेक कागद दोन्ही हातांनी धरत होता.

"जाऊ दे गं," इंदुबाई म्हणाल्या, "त्यांचं काय नि माझं काय." मग हळूच, "पण मगर मला चांगली जमायची."



जिन्यात राजस थांबला. "नाव मागे घेतलं तर दुसरी संधी मिळेलच असं नाही..."

"मग खोटं नाव कायमचं फिरू दे?"

तो माझ्याकडे बघत राहिला — जरा जास्तच. मग सरळ कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत शिरला. शेजारच्या खुर्चीत मी. नाव बदलायची मेल गेली, तरी आम्ही दोघंही उठेना.

"चूक कबूल केली," तो म्हणाला. "अजून एक... कबूल करू?"

"करा ना. अडवलंय कुणी?"

आमच्या लग्नाच्या वर्षी नाव मंजूर झालं: इंदुबाई. त्या महिनाभर आधीच गेल्या होत्या. देवळातल्या पाटीवर चित्रकार म्हणून आजही रावसाहेबच आहेत. दर एकादशीला हात जोडते आणि दर एकादशीला माझं डोकं फिरतं. लघुग्रह काही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही गं. तू इंदुबाईंना लक्षात ठेव.